चार सांध्यांवर लक्ष ठेवा : बडोद्यातल्या एका वस्तीत मुला-तरुणांसाठीची सरकारी धोरणं कशी जुळवून घ्यायची

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाडी भागात घरोघर फिरताना आमच्या गटातल्या एका ताईंना आठवी पास झालेली मुलगी भेटली. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने ती घरीच होती. तिच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग होते. दाखला मिळाला, हजेरीपटावरून नाव उतरलं, शाळेचं काम संपलं. आई पहाटेपासून धुण्याभांड्याला, वडील रिक्षावर. नववीसाठी कुठे जायचं याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांची, ती संपली होती. अंगणवाडीतून किशोरींना मिळणाऱ्या ‘पूर्णा’ योजनेची यादी पंधराव्या वर्षापासून सुरू होते, म्हणून तिथेही नाव नव्हतं. चौदा पूर्ण झाल्यामुळे कामगार खात्याच्या लेखी ती बालकामगारही ठरत नव्हती. कोणीही नियम मोडला नव्हता आणि तरी मुलगी घरी बसली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की मुलं खात्यांच्या आत फारशी हरवत नाहीत, दोन खात्यांच्या सांध्यात हरवतात. तीन, सहा, चौदा आणि अठरा ही ती चार वयं. दिल्लीत धोरण आखणाऱ्यांनाही समन्वयाची गरज पटलेली आहे, तशा समित्या कागदावर आहेतही. पण समन्वय शेवटी व्हायचा तो गल्लीत, चाळीत, शाळेच्या फाटकाशी. बडोद्यातलं एखादं मंडळ, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक किंवा निवृत्त शिक्षकांचा चार-पाच जणांचा गट हे काम कसं करू शकतो, ते आमच्या अनुभवातून क्रमाने सांगते.

आधी दिल्लीचा नकाशा समजून घ्या

देशाचं पहिलं राष्ट्रीय बालधोरण १९७४ सालचं. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा स्वीकारला आणि २०१३ मध्ये नवं राष्ट्रीय बालधोरण आलं. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे बालक असं स्पष्ट म्हटलं आहे आणि चार क्षेत्रं ठरवली आहेत: जगणं-आरोग्य-पोषण, शिक्षण आणि विकास, संरक्षण, सहभाग. सगळ्या मंत्रालयांना एकत्र बांधण्याची जबाबदारी महिला व बालविकास मंत्रालयाकडे दिली. त्या खात्याच्या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समन्वय व कृती गट असावा, तसेच गट राज्यात आणि जिल्ह्यात असावेत, असं हे धोरण सांगतं. जिल्ह्याच्या गटाचा उल्लेख लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीला तो कामाला येतो.

तरुणांचं धोरण वेगळं आहे. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १५ ते २९ वर्षांची व्यक्ती आणि खातं युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाचं. म्हणजे पंधरा ते अठरा वयाची मुलं दोन्ही धोरणांत येतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या वयाला तंतोतंत लागू पडते.

बाकीची वाटणी अशी. लसीकरण, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली तपासणी आणि १० ते १९ वयासाठीचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाकडे. अंगणवाडी, पोषण आणि बालसंरक्षणाचं मिशन वात्सल्य महिला व बालविकासकडे. शाळा, समग्र शिक्षा आणि शाळेतलं जेवण शिक्षण मंत्रालयाकडे. बालमजुरी कामगार मंत्रालयाकडे. आयटीआय आणि अप्रेंटिसशिप कौशल्य विकासकडे. भीक मागणाऱ्यांचं पुनर्वसन सामाजिक न्यायाकडे, पण भीक मागणारं मूल मात्र बाल न्याय कायद्याखाली, म्हणजे पुन्हा महिला व बालविकासकडे.

ही वाटणी डोक्यात पक्की बसवायचा एक सोपा मार्ग आहे. २००८-०९ पासून केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांवरचा खर्च वेगळा दाखवला जातो. खर्चाच्या कागदपत्रांत बारा क्रमांकाचं विवरणपत्र काढा. कोणत्या मंत्रालयाच्या कोणत्या योजनेखाली मुलांसाठी किती रक्कम आहे ते एका ठिकाणी दिसतं. आकडे पाठ करायची गरज नाही, मंत्रालयांची नावं एकदा हाताने उतरवून काढा. एवढ्याने निम्मा गोंधळ संपतो.

गांधीनगरला पोचल्यावर खाती बदलतात

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. बालसंरक्षण केंद्रात महिला व बालविकासकडे असलं तरी गुजरातमध्ये ते काम सामाजिक न्याय व अधिकारिता खात्याच्या समाज सुरक्षा शाखेकडे आहे. जिल्ह्यात त्याचे अधिकारी म्हणजे जिल्हा समाज सुरक्षा अधिकारी. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणूनही तेच काम पाहतात. अंगणवाड्या मात्र राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडेच. बडोदे शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समिती चालवते, नववीपासून पुढे जिल्हा शिक्षणाधिकारी. शहरातली आरोग्य केंद्रं महापालिकेची, सयाजीराव जनरल हॉस्पिटल राज्य सरकारचं.

एका पानावर दोन रकाने करा. डावीकडे केंद्राचं मंत्रालय, उजवीकडे बडोद्यात प्रत्यक्ष कोणत्या खुर्चीशी बोलायचं ते पद. माणसाचं नाव लिहू नका, बदल्या होतात. आम्ही सुरुवातीला हे न करता एका अनाथ मुलाच्या मदतीचा अर्ज भलत्याच कचेरीत दिला. तो तिथे सात आठवडे पडून होता आणि परत देताना कोणी सांगितलंही नाही की तो कुठे द्यायला हवा होता. ते सात आठवडे त्या मुलाचे गेले, याची टोचणी अजून आहे.

चार सांधे ओळखा

तिसरं वर्ष. शून्य ते तीन वयाच्या बाळाची खबर आशाताई आणि लसीकरणाची नर्स ठेवते. तीन वर्षांचं झालं की मूल रोज अंगणवाडीत यावं अशी अपेक्षा. मधल्या काळात घर बदललं तर दोन्ही याद्यांतून नाव गळतं. इथे आधार म्हणजे ममता दिवस. गुजरातमध्ये तो बुधवारी असतो आणि लस, वजन, गरोदर बायकांची तपासणी हे सगळं एका जागी होतं. महिन्यातला एक बुधवार तिथे जाऊन बसा. अंगणवाडीच्या तेडागरबेन, म्हणजे आपल्याकडच्या मदतनीस, गल्लीतलं कोणतं बाळ दिसेनासं झालं हे कोणत्याही ॲपच्या आधी सांगतात.

सहावं वर्ष. गुजरातमध्ये २०२३ पासून पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत आणि पाच ते सहासाठी शाळेत बालवाटिका सुरू झाली. त्यामुळे पाच वर्षांचं मूल अंगणवाडीत की बालवाटिकेत, हा प्रश्न दर जूनमध्ये उभा राहतो. दोन्हीकडे नाव असलेलं आणि कुठेच नसलेलं, अशी दोन्ही तऱ्हेची मुलं आम्हाला सापडली आहेत. अंगणवाडीचं मूल महिला व बालविकासच्या पोषण ट्रॅकरमध्ये, शाळेचं मूल शिक्षण मंत्रालयाच्या युडायस प्लसमध्ये, लसीची नोंद आरोग्याच्या यू-विनमध्ये. तीन नोंदवह्या, तीन मंत्रालयं. उपाय मात्र अगदी घरगुती आहे: मे महिन्यात अंगणवाडीतून पाच वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची नावं घ्या, जूनमध्ये शाळा प्रवेशोत्सव झाल्यावर त्याच नावांवर शाळेत खूण करून घ्या. जी नावं उरतात त्या घरी जा.

चौदावं वर्ष. माझ्या मते चारांतला हा सगळ्यांत धोक्याचा सांधा, म्हणून यावर जरा जास्त बोलते. आठवीनंतर शाळेतलं दुपारचं जेवण थांबतं, फुकट शिक्षणाची कायदेशीर हमी संपते, शाळा बदलते, आणि मुलगा असेल तर मंगळ बाजारातल्या एखाद्या दुकानात उभं राहण्याचं बोलावणं येतं. याच वयाला धरून ठेवणाऱ्या तरतुदी आहेत, पण त्या वेगवेगळ्या खिशांत आहेत. राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलींसाठी गुजरात सरकारची २०२४ ची नमो लक्ष्मी योजना आहे, नववी ते बारावी मिळून ५०,००० रुपये. नववी-दहावीत शाळेच्या दहा महिन्यांसाठी महिना ५००, अकरावी-बारावीत ७५०, आणि उरलेली रक्कम दहावी व बारावी पास झाल्यावर. हजेरीची अट ८० टक्के. मुलगी घरी बसलेले तीन महिने म्हणजे या अटीचे तीन महिने, हे पालकांना आकड्यानिशी सांगितलं की ते उठून चालायला लागतात. ज्या मुली शाळेत नाहीतच त्यांना पंधराव्या वर्षापासून पूर्णा शक्तीची, म्हणजे पूर्णा योजनेतल्या पोषक आहाराची, पाकिटं अंगणवाडीतून मिळवून द्या, आणि पाकिटाच्या निमित्ताने शाळेचा विषय काढत राहा.

अपंग मुलांसाठी हा सांधा कायद्याने पुढे सरकवलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पालकांना तर हे माहीत नसतंच, कित्येक शाळांनाही नसतं.

‘व्हाली दीकरी’ या राज्याच्या योजनेचे हप्ते मला नेहमी लक्षवेधी वाटतात: पहिलीत ४,०००, नववीत ६,०००, अठराव्या वर्षी एक लाख. ज्याने ही योजना रचली त्याने नेमके सांधे पाहिले होते. २ ऑगस्ट २०१९ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी ती आहे आणि अर्ज जन्मानंतर वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून ही चौकशी बाळंतिणीच्या घरीच करायची, नंतर नाही.

अठराव्याबद्दल पुढे सांगते.

घरोघरची यादी

यादी छोटी ठेवा. एका गटाने दीडशे घरांपेक्षा जास्त घेऊ नये. अख्खा वॉर्ड घ्यायचा मोह होतो, पण महापालिकेचे १९ वॉर्ड एवढे मोठे आहेत की त्यात यादी वर्षभर अपुरीच राहील. बडोद्याला गणेशमंडळांची तयार फौज आहे. वर्गणीच्या निमित्ताने ही मुलं प्रत्येक घराचा उंबरा ओळखतात. विसर्जन झाल्यावर पंधरा दिवस थांबा आणि त्यांच्यातल्याच सहा-सात जणांना, त्यात निम्म्या मुली असतील अशा बेताने, यादीच्या कामाला घ्या. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात आम्ही हेच केलं.

प्रत्येक मुलामागे एवढंच लिहा: वय (जन्मतारीख असेल तर तारीख), सध्या कुठे जातं, जन्मदाखला आहे का, पुढचा सांधा कोणत्या महिन्यात येतो. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्यामुळे यादी मागचं सांगण्याऐवजी पुढचं सांगू लागते. जात, धर्म, आईवडिलांची भांडणं, आजार यांतलं काहीही या वहीत लिहायचं नाही. पालकांना विचारूनच नोंद करायची. वही एकाच घरात कुलपात राहील, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. अत्याचार झालेल्या किंवा बाल कल्याण समितीपुढे गेलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायदा आणि पॉक्सो या दोन्हींखाली गुन्हा आहे.

कागद

जन्मदाखल्यापासून सुरुवात करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीची नवी दुरुस्ती लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी वगैरेंसाठी जन्मदाखला हाच पुरावा. २१ दिवसांत नोंदणी केली तर पैसे लागत नाहीत, महिन्याच्या आत थोडा दंड, वर्षभरात वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी जन्मलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे एकेका पायरीने समजावून सांगा. पण तोवर शाळा थांबवू देऊ नका. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे. कलमाचा आकडा पाठ असू द्या. शांतपणे आकडा सांगितला की बोलणं लवकर संपतं.

आधारचं बायोमेट्रिक पाच आणि पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. ते राहिलं की शिष्यवृत्ती अडकते, आणि पंधरावं वर्ष नेमकं नववी-दहावीच्या धावपळीत येतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा कितीतरी कुटुंबांच्या ट्रंका भिजल्या, आणि दाखल्यांच्या नकलांसाठी पुढचे काही महिने गेले. तेव्हापासून आम्ही यादीतल्या प्रत्येक घरी डिजिलॉकर उघडून देतो. नदीकाठच्या वस्त्यांत पावसाळ्याआधी हे एक काम करून टाका.

चार माणसं, एक टेबल

समन्वय बैठक म्हटलं की लोक आधी पाहुणे, हार आणि माईक ठरवतात. तसं करू नका. अंगणवाडी ताई, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक आणि तुमच्या गटातला एक जण, एवढ्यांनी महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, पाऊण तास बसायचं. विषय एकच: या महिन्यात कोणाचा सांधा येतो आणि त्याला पलीकडे कोण पोचवणार. प्रत्येक नावापुढे एकाच माणसाचं नाव लिहायचं. दोघांची लिहिली की दोघंही एकमेकांवर सोडतात.

बसायला निमित्त हवं असेल तर ते शाळा व्यवस्थापन समितीतून मिळतं. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि आशाताई-अंगणवाडी ताईंना बोलवायला कोणाची मनाई नाही. या ताईंच्या वेळेचा मान राखा. त्यांच्यावर आधीच दहा खात्यांची नोंदणी लादलेली असते. तुम्ही अकरावी वही घेऊन गेलात तर त्या तोंडावर हो म्हणतील आणि पुढच्या वेळी येणार नाहीत. उलट त्यांचं एखादं काम तुम्ही उचला, गैरहजर मुलांच्या घरी जाणं किंवा आरोग्य तपासणीच्या दिवशी पालकांना बोलावणं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं. त्यांनी पुढे पाठवलेल्या मुलाला सयाजी हॉस्पिटलपर्यंत खरंच कोणी नेलं का, हे पाहणं हाच या टेबलाचा मोठा उपयोग.

१८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटली आणि सहलीला आलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, बोट ठेकेदाराकडे, सहल शाळेची, सहलीचे नियम शिक्षण खात्याचे. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर एक प्रश्न कायमचा आला आहे: मुलं शाळेबाहेर जाणार असतील तर त्या जागेची सुरक्षितता कोणी, कधी, प्रत्यक्ष जाऊन पाहिली? सहलीच्या परवानगीपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक पालकाने हे विचारावं, असं मी कळकळीने सांगते.

आपल्या गावाला ही अशी नजर नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या दहा गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०४ मध्ये, त्यांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला होता. मला हा क्रम फार बोलका वाटतो. मुलगी दहाव्या वर्षी सासरी जाणार असेल तर शाळेची सक्ती कोणावर करणार? आज हे दोन विषय दोन मंत्रालयांत आहेत. आणि केंद्राची अंगणवाडी योजना १९७५ मध्ये देशात ३३ गटांत सुरू झाली तेव्हा गुजरातमधला गट होता छोटा उदेपूर, तेव्हाच्या आपल्या बडोदे जिल्ह्यातला.

बाहेरगावहून आलेली मुलं

दाहोद आणि छोटा उदेपूरकडची कुटुंबं दिवाळीनंतर बांधकामावर येतात आणि होळीला परततात. त्यांची मुलं गावच्या शाळेत पटावर असतात, इथे साइटवर असतात. पालकांच्या मुलाखती घेत बसण्याआधी मुकादमाला भेटा. मुलं किती, कोणत्या गावची, किती दिवस राहणार, हे त्याला ठाऊक असतं. मग गावच्या शाळेला फोन करून मुलाचा नोंदणी क्रमांक घ्या आणि जवळच्या शाळेत बसवा. बदलीचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम. परतताना इथल्या हजेरीचं पत्र आईच्या हातात द्या, नाहीतर गावी त्या महिन्यांची गैरहजेरी लागते.

लहान बाळांसाठी पाहायचं ते साइटवरचं पाळणाघर. बांधकाम कामगार कायद्यात, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेईपर्यंत, पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे ते ठेवणं बंधनकारक होतं. आईचं बांधकाम मजूर म्हणून कार्ड झालं असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या मुलांसाठीच्या शिक्षणसहाय्याची दारं उघडतात. पुन्हा तेच: मुलाचा प्रश्न, पण किल्ली कामगार खात्याकडे.

जे टेबलावर आणायचं नाही

मारहाण, अत्याचार, पळवलेलं किंवा टाकून दिलेलं मूल, ठरलेलं बालवयातलं लग्न, हे मासिक बैठकीचे विषय नाहीत. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, ती चोवीस तास चालते. संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. ते आपल्या घरी ठेवून घेणं, कितीही मायेने केलं तरी, करू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न सांगणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे. समेट घडवायला निघालेल्या वडीलधाऱ्यांना हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. अखात्रीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लग्नाची कुणकुण लागली तर जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई हुकूम देऊ शकतात.

पैशाअभावी मूल घरापासून तुटू नये म्हणून दोन मदती आहेत. राज्याची ‘पालक मातापिता’, आईवडील दोन्ही नसलेल्या किंवा वडील वारले आणि आईने दुसरं लग्न केलं अशा मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांना महिना ३,००० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना, महिना ४,००० रुपये, विधवा किंवा सोडलेल्या आईची, गंभीर आजारी पालकांची मुलं वगैरेंसाठी, उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ९६,०००. दोन्ही अर्ज समाज सुरक्षेच्या कचेरीतूनच. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतून आधी काढून ठेवा, बहुतेक अर्ज त्याच कागदावर अडतात.

अठरावं वर्ष

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी प्रायोजकत्व थांबतं, बाल कल्याण समितीचं छत्र जातं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत पश्चात देखभालीची तरतूद आहे, पण मागितल्याशिवाय ती क्वचितच आपणहून चालत येते. म्हणून तयारी सतराव्या वर्षी सुरू करा. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ देता येतो. तरसालीच्या आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर उघडतात, त्यासाठी गुणपत्रिकेबरोबर जातीचा दाखला लागला तर तो मार्चमध्येच काढून ठेवावा. अप्रेंटिसशिप कायदा १९६१ चा. चौदा पूर्ण झालेल्यांना शिकाऊ म्हणून घेता येतं, धोक्याच्या उद्योगात मात्र अठरा हवीत. मकरपुरा आणि नंदेसरीच्या कारखान्यांशी बोलताना हा फरक जाणून असा, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणं हा २०१६ पासून गुन्हाच आहे.

युवक मंत्रालयाचं ‘माय भारत’ ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं, १५ ते २९ वयासाठी. आम्ही यादी करणाऱ्या पोरांची नोंदणी तिथेच केली. त्यांच्या कामाची नोंद राहते, आणि एकेकाळी ज्यांची नावं अंगणवाडीच्या यादीत होती ती मुलं आता दुसऱ्यांची नावं लिहितात. राष्ट्रीय बालधोरणातलं चौथं क्षेत्र, सहभाग, प्रत्यक्षात असंच दिसतं. लहानांनाही विचारा. एका शाळेत आम्ही पाचवीच्या मुलांना विचारलं, शाळेला येताना कुठे भीती वाटते? सतरा जणांनी एकाच अंधाऱ्या बोळाचं नाव घेतलं. तिथला दिवा महापालिकेने लावला, अर्ज मुलांच्या सह्यांनी गेला होता.

अडलं तर वर कसं जायचं

आधी लेखी अर्ज आणि त्यावर आवक क्रमांक. तो नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजा. पंधरा दिवसांनी आठवण. मग राज्याचा ‘स्वागत’ कार्यक्रम, २००३ पासून चालू आहे, त्यात तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या आहेत, खालच्या पायरीपासून जा. मुलांच्या हक्काची बाब असेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. माहितीच्या अधिकारात विचारताना ‘का झालं नाही’ असं विचारू नका. ‘या वर्षात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित’ असं विचारा. आकड्याला उत्तर मिळतं, रागाला मिळत नाही.

आणि वर्षातून एकदा एक पान जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. पोषणाच्या अभिसरण, म्हणजे खात्यांमधल्या समन्वयाच्या, समितीचं आणि मिशन वात्सल्यच्या जिल्हा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच असतं. खात्यांना एका खोलीत बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात खऱ्या अर्थाने त्यांनाच आहे, आणि बालधोरणातल्या जिल्हा गटाची आठवणही त्यांनाच करून द्यायची. पानावर चारच ओळी: आमच्या दीडशे घरांत तिसऱ्या, सहाव्या, चौदाव्या, अठराव्या वर्षी किती मुलं सांध्याला आली, किती पलीकडे पोचली, उरलेली कुठे अडली, कोणत्या दोन कचेऱ्यांमध्ये. तक्रारीचा शब्द नको. त्याची एक प्रत नगरसेवकांना डिसेंबरातच द्या, महापालिकेचं बजेट आकाराला येण्याआधी.

वाडीतली ती मुलगी सप्टेंबरात नववीत बसली. बुडालेल्या हजेरीमुळे त्या वर्षी तिचे नमो लक्ष्मीचे काही हप्ते गेले, ते मिळवून देणं आम्हाला जमलं नाही. तिच्या धाकट्या भावाचं चौदावं वर्ष येत्या मार्चमध्ये पूर्ण होतं. वहीत त्याच्या नावापुढे फेब्रुवारी लिहिलं आहे.